थोरलीचं तिकीट

आमच्या घरात थोरलीचं नाव निघालं की माझे वडील उठून खिडकी उघडायचे. त्यांना कोंडल्यासारखं व्हायचं. थोरली म्हणजे माझ्या आत्याची मोठी जाऊ. समोर असली की आत्या तिला 'वहिनी' म्हणायची, आणि नसली की 'थोरली'. आम्ही तिच्याबद्दल ती नसतानाच बोलायचो, म्हणून आम्हालाही ती थोरलीच.

आत्या डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचा ठसा पाठवतात. त्यावरून ती प्लास्टरचा साचा करते, मेणात दात बसवते, घासते, पुन्हा बसवून बघते. तिच्या टेबलावर कुणाचे तरी वरचे आणि कुणाचे तरी खालचे दात कायम पडलेले असतात. लहानपणी मी तिला विचारलं होतं, ही माणसं आता हसत कशी असतील. ती म्हणाली, "मी दिल्यावर हसतील." तिचं बोलणं असंच तुटक. राग आला की आणखी कमी. थोरलीशी ती वर्षानुवर्षं इतकं कमी बोलली की थोरलीला ती गरीब गाय वाटायची.

ही हकीकत मला तिनंच सांगितली, दात घासता घासता. तिच्या बाबतीत हे शब्दशः खरं.

मुळात झालं होतं ते असं. आत्याचं लग्न होऊन तीन-चार वर्षं झाली होती. दोघे भाऊ एकाच घरात, वर थोरली आणि दादा, खाली आत्या आणि काका. फोन एकच, वरच्या मजल्यावर. माझी आजी, म्हणजे आत्याची आई, इस्पितळात होती. एका सकाळी डॉक्टरांनी माझ्या वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं की ज्यांना बोलवायचं असेल त्यांना बोलवून घ्या. वडिलांनी लगेच फोन केला. तो थोरलीनं घेतला. "सांगते हं," म्हणाली.

त्या दिवशी दादांचे साहेब सहकुटुंब जेवायला यायचे होते. स्वयंपाक अर्थातच आत्याकडे. आत्या सकाळपासून ओट्याशी उभी, थोरली आत-बाहेर करत होती. दहा वेळा आत आली असेल. मीठ बघ म्हणाली, चमचे पूस म्हणाली. फोनचं बोलली नाही. पाहुणे जेवले, गप्पा मारल्या, चहा घेऊन गेले. मग भांडी. भांडी होत आल्यावर थोरली पदराला हात पुसत म्हणाली, "अगं, तुझ्या भावाचा फोन होता सकाळी. आईचं जरा जास्त आहे म्हणे. तू घाबरशील, हातातलं टाकून जाशील, म्हणून म्हटलं पाहुणे गेल्यावर सांगू."

दादांना हे आत्याबरोबरच कळलं. त्यांनी काही न बोलता स्कूटर काढली आणि आत्याला स्टँडवर सोडलं. थेट जाणारी गाडी केव्हाच गेली होती. मधल्या गावी गाडी बदलायची होती. पहिली रखडली, दुसरी डोळ्यांसमोरून निघून गेली. आत्या सांगते, ती त्या गाडीच्या मागे धावली होती, कंडक्टरनं तिच्याकडे बघितलंही होतं. ती पोचली तेव्हा आजीची खाट रिकामी होती आणि एक बाई तिच्यावर नवी चादर अंथरत होती.

आजी शेवटपर्यंत तिला विचारत होती. हे वडिलांनी आत्याला सांगायला नको होतं, पण सांगितलं.

काकांचं सगळ्यावर एकच उत्तर असायचं, "जाऊ दे गं." आत्या म्हणायची, "जाऊच तर जात नाहीये." यापलीकडे तिनं तोंड उघडलं नाही. पुढे दोन्ही घरं वेगळी झाली. तरी प्रत्येक कार्यात थोरलीच्या घरी राबायला आत्या. कुणाची औषधं आणायची, कुणाला स्टेशनवर घ्यायला जायचं, कुठल्या खात्यात खेटे घालायचे, सगळ्याला थोरलीचं ठरलेलं वाक्य: "धाकटी बघेल."

मग दादा निवृत्त झाले. त्यांचा मुलगा परदेशात असतो. त्यानं आईवडिलांना आणि काका-काकूंना, चौघांना मिळून युरोपातल्या एका क्रूझचं बुकिंग दिलं. आठवडाभर जहाजावर, रोज नवं बंदर. मुलगा चांगला आहे, आत्याचं त्याच्याशी वाकडं नाही. पण जहाजापर्यंत जायचं कसं आणि तिथून घरी यायचं कसं, ते आपलं आपण ठरवायचं होतं. थोरली तेव्हा त्याच्याकडेच होती, नातवंड झालं होतं म्हणून. ती तिकडून एकटी येणार आणि बाकीचे तिघं इकडून. तिनं फोनवर सांगून टाकलं, "विमानांचं धाकटी बघेल. तिला बसून कामं करायची सवय आहे."

आत्यानं बघायला घेतलं. लॅबच्या खालच्या गल्लीत एक प्रवासकंपनी आहे, तिथल्या मुलीला ती जेवणाच्या सुट्टीत जाऊन भेटली. मुलगी मोठी बोलकी. तिनं सगळं समजावून सांगितलं. क्रूझच्या आदल्या दिवशीच त्या गावात पोचायचं, एक रात्र हॉटेलात काढायची. जहाज संध्याकाळी सुटत असलं तरी दार त्याच्या बरंच आधी बंद होतं, आणि ते कुणासाठी थांबत नाही. मध्ये विमान बदलायचं असेल तर दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्यायची. पहिलं उशिरा आलं तर पुढची सोय कंपनी करते. परतीच्या दिवशी जहाज सकाळी धक्क्याला लागलं तरी सामान, रांगा, गाडी यात वेळ जातो, तेव्हा दुपार उलटल्यानंतरचंच विमान बघायचं.

"आणि दोन तिकिटं वेगवेगळी काढली तर?" आत्यानं विचारलं.

"तर मग तुमचं तुम्ही, काकू. पहिलं लेट झालं की दुसरं गेलं. शिवाय मध्ये बॅग घेऊन बाहेर यायचं, पुन्हा आत जायचं. म्हाताऱ्या माणसांना तर मी काढूच देत नाही."

आत्या तिथून उठली ती सरळ लॅबमध्ये गेली नाही. समोरच्या बाकावर बसून राहिली. मला म्हणाली, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्या बाईचा राग आला नाही. कारण आता काय करायचं ते कळलं होतं."

स्वतःची, काकांची आणि दादांची तिकिटं तिनं त्या मुलीनं सांगितलं तशीच काढली. एकच तिकीट, मध्ये भरपूर वेळ, आदल्या दिवशी पोच. थोरलीचं तिकीट काढायला मात्र तिनं आठवडा घेतला. कवळी बसवताना हिरडीला कुठे जागा सोडायची हे जसं ती बघते, तसंच बारकाईनं बघितलं, फक्त इथे जागा सोडायची नव्हती. पहिलं विमान असं शोधलं की ज्याच्याबद्दल सगळे कुरकुरत होते, रोज उशीर. दुसरं वेगळ्या कंपनीचं, वेगळ्या तिकिटावर, त्याच विमानतळाच्या दुसऱ्या टोकाहून. आणि पोच जहाज सुटायच्याच दिवशी. कागदावर बघितलं तर सगळं जमत होतं. कुणी विचारलं तर उत्तर होतं.

विचारलं पुतण्यानं. "काकू, आई त्याच दिवशी पोचतेय. चालेल ना?"

"चालेल. तिला बाळाजवळ एक दिवस जास्त मिळतो," आत्या म्हणाली.

पुतण्या म्हणाला, "तू किती विचार करतेस गं." हे ऐकून ती थोडी हलली. त्याच संध्याकाळी तिनं काकांच्या कॉम्प्युटरवर ते तिकीट बदलायला उघडलंही होतं. तेवढ्यात फोन वाजला. थोरली होती. "काय गं, खिडकीची खोली आम्हालाच आहे ना? तुम्हाला काय, आतली चालते. तुम्हाला कुठे बाहेर बघायची हौस."

आत्यानं कॉम्प्युटर बंद केला.

तिघं आदल्या दिवशी सुखरूप पोचले. हॉटेल बंदराजवळच होतं. सकाळी न्याहारीला उतरले तेव्हा खालच्या रस्त्याच्या टोकाला जहाज दिसत होतं, मोठ्या सोसायटीच्या इमारती एकमेकींना चिकटवून ठेवाव्यात तसं. दादा लहान मुलासारखे खूश. पावाला लोणी लावता लावता थोरलीला फोन करत होते. ती विमानतळावर पोचली होती. मग कळलं, विमानच अजून आलेलं नाही. मग कळलं, बसलो, पण हलत नाही. काका म्हणाले, "होईल, होईल." आत्यानं आणखी एक कप चहा घेतला.

दुपारी तिघं बंदरावरच्या मोठ्या हॉलमध्ये रांगेत होते. बॅगा आधीच जहाजावर गेल्या होत्या, दादांनी फक्त आपली हातातली छोटी बॅग ठेवली होती. त्यांचा फोन वाजला. थोरलीचा आवाज इतका मोठा होता की आत्याला ऐकू येत होता. ती धावली होती. बॅग मिळायला वेळ लागला. काउंटरवरच्या मुलीनं तिच्याकडे बघून मान हलवली. विमान गेलं. आता आजचं दुसरं विमान नाही.

"मला पोटात गार वाटलं," आत्या म्हणाली. "उन्हातून आल्यावर पाणी प्यायल्यासारखं."

ते फार टिकलं नाही. दादांनी फोन खिशात ठेवला आणि म्हणाले, "तुम्ही दोघं व्हा पुढे. मी थांबतो."

आत्यानं हे धरलंच नव्हतं. तिच्या हिशेबात दादा जहाजावर होते. "दादा, तुम्ही चला. वहिनी पुढच्या बंदरावर येतील, जहाजवाले सांगतील कसं ते."

"एकटी आहे ती. भाषा येत नाही. रडत होती आत्ता."

"रडू दे की थोडं," असं आत्याच्या तोंडून निघून गेलं. दादांना वाटलं ती धीर देतेय. ते तिच्या खांद्यावर थोपटून रांगेतून बाहेर पडले.

जहाज सुटताना सगळे वरच्या डेकवर जमले. गाणी लागली होती, लोक हात हलवत होते. आत्यानं कितीतरी रात्री मनात बघितलं होतं की आपण वर आहोत आणि खाली धक्क्यावर थोरली धावतेय. खाली उभे होते दादा. हातात ती छोटी बॅग. त्यांनी हात हलवला. तिनं हलवला नाही. तिला वर उचलताच आला नाही.

तरीही, तिनं माझ्यापासून हे लपवलं नाही की त्या संध्याकाळी ती पोटभर जेवली. चौघांचं टेबल होतं, दोन खुर्च्या रिकाम्या. काकांनी ताट अर्धंच सोडलं. आत्यानं दोनदा वाढून घेतलं. शेजारची खिडकीची खोली बंद होती. सफाईवाल्या मुलाला सांगून तिनं ती उघडून घेतली आणि थोरलीच्या खुर्चीवर बसून बराच वेळ समुद्र बघितला.

पुढच्या बंदरावर थोरली आणि दादा जहाजावर आले. आत्या जिन्यापाशी उभी होती. सुकलेला चेहरा, सुजलेले डोळे, निदान एखादी तक्रार तरी, अशी तिची अपेक्षा होती. थोरली आली ती हसत. गळ्यात नवा रुमाल, पायात कापडी बूट.

"अगं, काय झालं म्हणून सांगू तुला," तिनं सुरुवात केली आणि थांबेचना. विमानतळावर ती आधी रडली, मग एका सफाईवाल्या म्हातारीनं तिला खुर्ची दिली, आपल्यातलं सफरचंद कापून दिलं. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं, तरी दोघी सुनांबद्दल बोलल्या. सकाळचं विमान मिळालं. दादा घ्यायला आले होते. मग आगगाडीनं दोघं निघाले, चुकीच्या स्टेशनवर उतरले, एका चौकात बसून कागदाच्या पिशवीतून काहीबाही खाल्लं. बॅगेचं चाक तुटलं तर दादांनी ती डोक्यावर घेतली. "लग्न झाल्यापासून आम्ही दोघंच असे कुठे गेलोच नव्हतो," थोरली म्हणाली. दादा बाजूला उभे राहून लाजत होते.

आत्याला वाटलं, आपण हिला बक्षीस दिलं. विमान चुकवून, जहाज चुकवून, स्वतःच्या हातानं हिला नवऱ्यासकट हनिमूनला पाठवलं.

थोरलीनं ती गोष्ट जहाजभर केली. जेवताना शेजारच्या टेबलावर, लिफ्टमध्ये, पोहण्याच्या तलावाशी. इंग्रजी येत नव्हतं तर दादांना भाषांतराला लावलं. दर वेळी सफरचंद थोडं मोठं व्हायचं. दर वेळी शेवट हाच: "तिकीट आमच्या धाकटीनं काढलेलं. घोटाळा केलान, पण माझं भलंच झालं."

तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी दोघी जावा मागच्या डेकवर खुर्च्या टाकून बसल्या होत्या. काका आणि दादा झोपले होते. समुद्र सपाट होता. थोरली म्हणाली, "तुझ्या घोटाळ्याचं वाईट वाटून घेऊ नकोस हं. चुका होतात माणसाच्या हातून."

"घोटाळा नव्हता," आत्या म्हणाली. "तुमचं तिकीट मी मुद्दाम तसं काढलं होतं."

"कसं?"

"चुकेल असं."

थोरली आधी हसली. मग आत्याच्या तोंडाकडे बघून थांबली. "का?"

"माझी आई गेली तेव्हा भावाचा फोन सकाळी आला होता. तुम्ही मला भांडी झाल्यावर सांगितलंत."

"कुठला फोन?"

आत्या म्हणते, त्या दोन शब्दांनी तिला जेवढं लागलं तेवढं त्या दिवशी रिकाम्या खाटेनंही लागलं नव्हतं. थोरली नाटक करत नव्हती. तिला खरंच आठवत नव्हतं. मग आत्यानं सगळं सांगितलं. आयुष्यात थोरलीशी एका दमात इतकं ती पहिल्यांदाच बोलली. ओटा, चमचे, चहा, स्कूटर, गाडीमागे धावणं, चादर अंथरणारी बाई. आवाज चढवला नाही. आजी शेवटी काय विचारत होती तेही सांगितलं.

थोरलीनं आपली खुर्ची समुद्राकडे वळवली. मग हळूच म्हणाली, "त्या दिवशी साहेबांच्या बायकोनं माझ्या सेटमधला ग्लास फोडला होता."

"हो. काचा मीच वेचल्या."

"मला वाटलं, अजून आहेत तुझ्या आई. एवढ्यात काही होत नाही."

"मलाही तुमच्या विमानाबद्दल तसंच वाटलं," आत्या म्हणाली.

थोरलीनं गळ्यातला रुमाल सोडला, घडी घातली, पुन्हा मोडली. मग विचारलं, "ह्यांना सांगणार आहेस?"

"तुम्हीच सांगा. कसलीच घाई नाही. पाहुणे गेल्यावर सांगा."

आत्या उठून आपल्या आतल्या खोलीत गेली आणि गाढ झोपली.

त्या संध्याकाळपासून थोरलीनं ती गोष्ट सांगणं बंद केलं. जेवताना शेजारच्या टेबलावरच्या बाईनं खूण करून विचारलं, सफरचंदाचं पुन्हा सांगा ना. दादा उत्साहानं भाषांतराला सरसावले. थोरली म्हणाली, "नको, डोकं दुखतंय." दादा तिच्याकडे बघत राहिले. त्यानंतर राहिलेल्या दिवसांत ते दोन-तीनदा आपण होऊन त्या आगगाडीचं, चौकाचं बोलायला गेले, आणि दर वेळी थोरलीनं विषय बदलला. बिचारे दादा. त्यांना अजूनही कळलेलं नाही की त्यांच्या त्या भटकंतीला एकाएकी काय झालं. आत्याला याचं वाईट वाटतं. तेवढंच वाटतं.

परतीची व्यवस्था आत्यानं चोख ठेवली होती. चौघांचं एकच तिकीट, संध्याकाळचं विमान, घाई कशाचीच नाही. तरी जहाजावरून उतरल्यापासून थोरलीनं आपला पासपोर्ट आणि तिकिटाचे कागद स्वतःच्या मुठीत धरले. मधल्या विमानतळावर दिसेल त्या गणवेशवाल्याला ती कागद दाखवून विचारत होती, "हेच ना? इथूनच ना?" काका म्हणाले, "वहिनी, धाकटीनं सगळं बघितलंय." थोरली म्हणाली, "माहीत आहे मला." आणि पुढच्या माणसाला विचारायला गेली. आत्या तिच्यामागे चार पावलांवर बसून संत्र्याच्या फोडी खात होती.

घरी आल्यावर आणखी एक झालं, जे आत्याच्याही ध्यानीमनी नव्हतं. तिला कुणी काम सांगेना. थोरलीच्या घरी पूजा झाली, आत्याला पाहुणीसारखं बोलावणं आलं, खुर्चीवर बसवून हातात ताट दिलं. दादा औषधांसाठी फोन करायला लागले तर मागून थोरलीचा आवाज, "नको, तिला कामं असतात." आत्या आता रविवारी दुपारी झोपते. तिच्या तब्येतीला ते मानवलंय.

मी तिला विचारलं, "मग फिटलं का?"

ती भिंगातून एक दाढ बघत होती. तिनं ती पुन्हा घासायला घेतली.

मागच्या महिन्यात थोरली आमच्या घरी आली. याआधी ती कधीच आली नव्हती. रिक्षानं, एकटीच. वडिलांनी दार उघडलं आणि दारातच उभे राहिले. मी तिला आत घेतलं, पाणी दिलं. ती हवेबद्दल बोलली, रस्त्यावरच्या खोदकामाबद्दल बोलली. आमच्या भिंतीवर आजीचा फोटो आहे, त्याच्याकडे तिनं एकदाच बघितलं. मग वडिलांना म्हणाली, "त्या दिवशी फोन तुम्ही केला होतात ना?"

"हो," वडील म्हणाले.

"मीच घेतला होता." तिनं ग्लास खाली ठेवला, पर्स उचलली आणि गेली. वडील खिडकीशी गेले, पण ती आधीच उघडी होती. मग त्यांनी तिथूनच आत्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं. मी जवळच होते. पलीकडे लॅबमधलं घासायचं यंत्र चालू होतं, ते तिनं बंद केलं.

"एवढंच बोलली?" आत्यानं विचारलं.

"एवढंच. रिक्षानं आली होती, उन्हाची. गुडघे दुखत होते तिचे."

"निरोप कधी दिला, ते निम्मं अजून राहिलंय," आत्या म्हणाली. "येऊ दे पुन्हा." आणि यंत्र पुन्हा सुरू झालं.